कंसातले गाव आणि परदेशातले पाकीट

वर्धा जिल्ह्यात नागपूर-अमरावती महामार्गावर आमचे तालुक्याचे गाव आहे, कारंजा. सरकारी कागदावर त्याच्यापुढे कंसात 'घाडगे' असे लिहितात. बोलताना तो कंस कोणी उच्चारत नाही. टपालाचे मात्र त्याच्यावाचून अडते. हल्ली आमच्यासारख्या गावांतली मुलेही शिकायला आणि नोकरीला परदेशी जातात. त्यांची पाकिटे घरी येतात, घरची कागदपत्रे तिकडे जातात. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझ्याकडे लोक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतात आणि म्हणतात, "काकाजी, कुठवर आलं ते जरा बघा ना." आज त्याविषयीच बोलणार आहे.

परदेशी टपालाचा क्रमांक तेरा खुणांचा असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी पुन्हा दोन अक्षरे. पहिले अक्षर सेवा सांगते. 'ई' म्हणजे जलद टपाल, 'आर' म्हणजे नोंदणीकृत पत्र, 'सी' म्हणजे पार्सल. 'यू'ने सुरू होणारे पाकीट माग ठेवण्याच्या सेवेतले नसते, तेव्हा त्याची वाटचाल दिसेल अशी आशा धरू नये. शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची. 'डी ई' म्हणजे जर्मनी, 'जी बी' म्हणजे ब्रिटन, 'आय एन' म्हणजे आपला भारत. नवव्या अंकाची गंमत अशी, की तो आधीच्या आठ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे टंकताना एखादा अंक चुकला, तर संगणक बहुधा क्रमांकच चुकीचा असल्याचे सांगतो. 'क्रमांक चुकीचा आहे' आणि 'माहिती उपलब्ध नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या उत्तराला चिठ्ठी पुन्हा वाचावी, दुसऱ्याला थोडा धीर धरावा.

आता हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो कसा? १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांनी करार केला. त्यातून जी संघटना उभी राहिली तिला आज जागतिक टपाल संघ म्हणतात. भारत १८७६ मध्ये तिचा सदस्य झाला. कराराचे सूत्र साधे होते. टपालापुरते सगळे सदस्य देश म्हणजे एकच मुलूख. जर्मनीच्या पेटीत टाकलेले पत्र कारंज्याचा पोस्टमन घरी आणून देतो, ते या करारामुळे. म्हणून जर्मनीत मिळालेला क्रमांक भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर जसाच्या तसा टाकता येतो.

पण हा प्रवास एका हाताने होत नाही, आणि प्रत्येक हात आपल्यापुरतीच नोंद करतो. पाकीट स्वीकारले, ही पहिली नोंद. परदेशी टपाल हाताळणाऱ्या कार्यालयात पोचले आणि तिथून देशाबाहेर रवाना झाले, या पुढच्या दोन. मग भारतात उतरले, सीमाशुल्क तपासणीत आहे, तिथून सुटले, वाटपाच्या डाकघरात पोचले आणि शेवटी घरी दिले. मुंबईत हे काम बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेशी डाकघरात चालते.

लोकांचा जीव खालीवर होतो तो 'देशाबाहेर रवाना' आणि 'भारतात पोचले' यांच्यामध्ये. आठ-दहा दिवस पडद्यावर एक अक्षर हलत नाही. कारण सोपे आहे. तिकडे आपले पाकीट इतर पाकिटांबरोबर थैलीत घालून थैलीचे तोंड बंद करतात. पुढे विमानात चढते ती थैली. वाटेत ती कुठे थांबली, तरी आतले एकेक पाकीट कोणी मोजत नाही. थैली इथे उघडते तेव्हाच आपल्या क्रमांकाची पुढची नोंद होते. पडदा आपल्याला पाकीट शेवटचे कुठे मोजले गेले एवढेच सांगतो.

आमच्या आळीतल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. वडिलोपार्जित शेताची वाटणी व्हायची होती. त्यात मुलाचे नाव आणि मुलगा जर्मनीत. त्याने भारतीय वकिलातीत जाऊन आईच्या नावे मुखत्यारपत्र केले आणि नोंदणीकृत टपालाने धाडले. असा कागद मोबाइलवर छायाचित्र पाठवून भागत नाही. दुय्यम निबंधकांपुढे मूळ कागदच ठेवावा लागतो. अकरा दिवसांच्या शांततेनंतर एके दिवशी पडद्यावर इंग्रजीत 'कारंजा' उमटले. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी बाई सकाळपासून ओट्यावर बसून, पण पोस्टमन आला नाही. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी माझ्याकडे आली. पाहतो तर पडद्यावर पुढे 'लाड' होते. ते कोणी वाचलेच नव्हते. मुलाने गावाचे नाव संगणकावर शोधले होते आणि पहिला दिसला तो पिनकोड पाकिटावर घातला होता. मुखत्यारपत्र वाशिम जिल्ह्यात, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी जाऊन बसले होते!

असे पाकीट काही दिवस वाट पाहून पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे पुन्हा जर्मनी, पुन्हा वकिलातीची वेळ मागणे आणि इकडे वाटणी खोळंबलेली. ओळखपत्राची प्रत जोडून बाईंनी त्याच दिवशी अर्ज दिला आणि पाकीट योग्य गावी वळले. अर्ज दिला तेव्हा ते अजून डाकघरातच होते, म्हणून निभावले.

इंग्रजीत लिहिले की उरणजवळचे करंजाही कारंजाच दिसते. अशा सारख्या नावांचा घोळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आमच्या कारंज्याचा पिन ४४२२०३, वाशिमच्या कारंज्याचा ४४४१०५. सहा अंकांत तिसराच बदलला की टपालाचा वर्गीकरण विभाग बदलतो. म्हणून मुलांना पत्ता कळवताना गाव, कंसातले नाव, तालुका, जिल्हा आणि पिन असा पूर्ण कळवा. शक्यतो पूर्वी घरी पोचलेल्या एखाद्या पाकिटाचा फोटोच पाठवा.

पाकीट हाती आले की ते फाडून टाकू नका. परराज्यात किंवा परदेशात केलेल्या दस्तावर, तो महाराष्ट्रात प्रथम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरता येते, असे आपल्या मुद्रांक कायद्याचे कलम १८ सांगते. दस्त कधी आला हे दाखवायला पाकिटावरचा शिक्का आणि पोच झाल्याची नोंद उपयोगी पडते. त्या नोंदीची छापील प्रत काढून दस्ताबरोबर ठेवावी.

आणि पाकीट आलेच नाही तर? चौकशीचा अर्ज पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ज्या देशातून टपाल निघाले तिथे पाठवणाऱ्यानेच तो केलेला बरा, कारण पावती त्याच्यापाशी असते. इकडे घरच्यांनी महिनोन्महिने वाट पाहायची आणि तिकडे मुलाने पावती हरवायची, असे होऊ नये.

शेवटी एक सावधगिरी. 'तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता अपुरा आहे, या दुव्यावर पैसे भरा' असे संदेश मोबाइलवर येतात. फसवणारे लोक टपाल खात्याचे नाव बिनदिक्कत वापरतात. त्या दुव्याला बोट लावू नका. आपला तेरा खुणांचा क्रमांक आपण स्वतः खात्याच्या संकेतस्थळावर टाकावा, नाहीतर सरळ गावच्या डाकघरात जाऊन विचारावे. सीमाशुल्क खरोखरच भरायचे असेल, तर तिथे त्याची रीतसर पावती मिळते. क्रमांक वहीत लिहून ठेवा, पाठवणाऱ्याला पावती जपायला सांगा आणि पत्त्यातला कंस गाळू नका.