टेम्पोवरचे धुलाई यंत्र : आधी पाण्याचे वजन, मग पंप



मागच्या महिन्यात सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंचे पत्र आले. ते लिहितात, "धाकट्या मुलाने जुना छोटा टेम्पो घेतला आहे. त्यावर हजार लिटरची टाकी आणि प्रेशरचा पंप बसवून गावोगाव ट्रॅक्टर, गोठे, कोंबड्यांच्या शेड धुऊन द्यायचा धंदा करीन म्हणतो. दोन कालवडी विकून पैसे उभे केले आहेत. पंप कोणता घ्यावा ते सांगावे."

दाजी, धंदा वाईट नाही. आता गावोगाव ट्रॅक्टर आहेत, रोटाव्हेटर आहेत, मळणीयंत्रे आहेत, आणि ती धुवायला तालुक्याला नेण्याइतका वेळ कोणाला आहे? परंतु पंपाचे उत्तर मी थोडे मागे ठेवतो. तुमच्या पत्रातला मला खटकलेला शब्द पंप नव्हे, हजार लिटर हा आहे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटर म्हणजे दहा क्विंटल. पन्नास किलोची वीस कांद्याची गोणी म्हणा ना! आता आपल्या टेम्पोचे आरसी बुक काढा. त्यात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासकट जास्तीत जास्त वजन. समजा रिकामी गाडी 800 किलो आणि भारासकट 1550 किलो आहे. वजाबाकी केली की 750 किलो उरतात. एवढ्यातच सगळे बसले पाहिजे. टाकी आणि लोखंडी चौकट 60 किलो, इंजिन व पंप 60, शंभर मीटर पाइप 25, हत्यारे आणि पेट्रोलचा कॅन 20. झाले 165. गाडी हाकणारा आणि जोडीदार ही दोन माणसे धरा 130. पाणी घालण्याआधीच 295 किलो झाले! उरले 455. म्हणजे अशा गाडीवर पाचशे लिटरसुद्धा जास्त होते, हजार तर दूरच. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या गाडीचे तुम्ही मांडा, आणि सगळा साज चढवल्यावर एकदा वजनकाट्यावर गाडी घालून खात्री करा. काट्याचे चार पैसे जातील ते जाऊ द्या.

कोणी म्हणेल, कांद्याच्या दिवसांत आम्ही याहून जास्त भरतो, गाडी ओढते की! ओढते, बाबा. पण ओढणे वेगळे आणि थांबणे वेगळे. शिवाय कांद्याचे पोते जागेवर बसते, पाणी बसत नाही. कळशी काठोकाठ भरलेली असली तर बाई न सांडता चालते, अर्धी असली की पाणी डुचमळते. टाकीचेही तेच आहे. अर्धी टाकी घेऊन वळण घेतले की पाणी बाहेरच्या अंगाला धाव घेते, ब्रेक दाबला की पुढे आदळते.

माझ्या पाहण्यातली गोष्ट सांगतो. एक होतकरू पोरगा, असाच टेम्पो, मागे उभी गोल काळी टाकी, घराच्या गच्चीवर असते तशी. दोरखंडाने बांधलेली. एक ट्रॅक्टर धुऊन झाला, टाकी निम्मी राहिली, आणि तो उताराने दुसऱ्या वस्तीवर निघाला. वळणावर समोरून बैलगाडी आली म्हणून त्याने स्टिअरिंग फिरवले. पाणी एका अंगाला गेले, दोर सरकला, टाकी कलली आणि टेम्पो चारीत आडवा झाला. पोरगा वाचला, मनगट मोडले. जोडीदार हौद्यात टाकीला टेकून बसला होता, त्याचा पाय टाकीखाली सापडला. तो आजही लंगडतो. गाडी फार वेगात नव्हती, हे तिथे असलेल्या सगळ्यांनी सांगितले.

म्हणून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या घ्या. वरच्या हिशेबाच्या गाडीवर दोनशे-दोनशे लिटरच्या दोन. बुटक्या आणि पसरट असल्या तर उत्तम. प्रत्येकीला वेगळा कॉक ठेवा. आधी एक पूर्ण रिकामी करा, मग दुसरीला हात लावा. म्हणजे डुचमळणारी टाकी एका वेळी एकच राहते. दोघींना जोडणारा पाइप असेल तर गाडी चालू करण्याआधी दोन्ही कॉक बंद पाहिजेत, नाही तर पाणी या टाकीतून त्या टाकीत जाते आणि सगळी खटपट वाया जाते. लोखंडी टाकी करवून घेणार असाल तर मिस्त्रीला आत आडवे पडदे घालायला सांगा, खालून-वरून पाणी जाईल इतकी फट ठेवून.

टाक्या हौद्यात कुठे ठेवायच्या? केबिनच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या थोड्या पुढे, बरोबर मधोमध. हौद्याच्या शेपटाकडे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. खाली जाड रबर घाला, भोवती अँगलची चौकट करा, आणि दोरखंड नको, खटक्याचे आवळपट्टे वापरा. चौकट हौद्याला नटबोल्टने धरावी, काढता-घालता यावी. गाडी कापून, चेसीला वेल्डिंग मारून कायमचे काही करू नका. वाहनाच्या नोंदलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे मनाई आहे. अपघात झाला की विमेवालेही तेच बोट दाखवतात. चौकट सुटी असली तर कांद्याच्या हंगामात गाडी मोकळी करून भाड्यालाही लावता येईल. हौद्यात माणूस मात्र बसवू नका.

आता पंप. फवारणीचा एचटीपी पंप आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तीन दट्टे असतात, पाणी भरपूर फेकतो, दाब साधारण 20 ते 40 किलो. दुरुस्ती गावात होते, वायसर कुठेही मिळतात. दुसरा तो खास धुलाईचा प्रेशर वॉशर. त्याचा दाब शंभर किलोच्या पुढे, पाणी मात्र थोडे, पण त्याला गढूळ पाणी अजिबात चालत नाही. विहिरीच्या-नाल्याच्या पाण्यावर काम करायचे तर माझे मत एचटीपीच्या बाजूने पडते. चिकट ऑइल-ग्रीस एकट्या दाबाने निघत नाही, ते साबणाचे पाणी लावून दहा मिनिटे भिजवल्यावर निघते. पाणी जपायचे असेल आणि स्वच्छ मिळत असेल तर दुसरा पंप परवडेल.

दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. वीस लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. कामाच्या दाबावर गन बादलीत सोडा. एका मिनिटात बादली भरली तर चारशे लिटर पाणी वीस मिनिटे पुरेल, दोन मिनिटांत भरली तर चाळीस. नोझल झिजले की बादली लवकर भरू लागते आणि दाब उतरतो. तेव्हा नोझल बदला, पंपाला दोष देऊ नका.

पंप टाकीच्या जवळ आणि पाण्याच्या पातळीच्या खाली बसवा. ओढीचा पाइप तारेचा हवा, साधा पाइप आत चिपकतो. त्याच्या तोंडाशी चाळणी ठेवा. कुठे हवा धरली तर पंप ठोके देतो, गन धक्के मारते. तेव्हा आधी क्लिपा आवळून बघा. गनला न लागणारे पाणी परतीच्या पाइपाने टाकीतच गेले पाहिजे. इंजिन हौद्याच्या शेपटाकडे, धुराचे तोंड बाहेर. आणि बेल्टवर जाळी हवीच हवी. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातले उपरणे, बेल्ट कशालाच सोडत नाही.

पाणी घरून वाहून नेण्याची हौस धरू नका. शक्य तिथे रिकामी गाडी न्या आणि गिऱ्हाइकाच्या विहिरीवर किंवा शेततळ्यावर फडक्यातून गाळून भरा. डिझेल वाचते, पाटे वाचतात, उतारावर जीव वाचतो. मात्र चैत्र-वैशाखात जिथे बायामाणसे टँकरची वाट बघत बसली आहेत, तिथे चौकात गन चालवू नका. कायदा काय म्हणेल ते राहू द्या, गाव दारात उभे करणार नाही.

कुठलेही काम असो, आधी कोरडे काढा. फावडे, खुरपे, खराटा. माती आणि शेण पाण्याने ढकलायला गेलात तर दुप्पट पाणी लागते. कोंबड्यांच्या शेडमधले तूस आणि खत पूर्ण उचलून बाहेर काढल्यावरच पाणी मारा. छतापासून सुरुवात करून खाली या, भिजवा, साबण, मग धुणे. जंतुनाशक शेवटी, आणि तेही निथळल्यावर, नाही तर ते पाण्यानेच पातळ होते. शेडचा मेन स्विच आधी मालकाच्या हाताने बंद करून घ्या. बंद शेडमध्ये इंजिन नेऊ नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस गुंगीत पडतो तेव्हाच कळते. इंजिन बाहेर ठेवून पाइप आत न्यायचा, त्यासाठीच तर शंभर मीटर घेतला आहे.

ट्रॅक्टरचे इंजिन तापलेले असेल तर चहा घ्या, थंड होऊ द्या. डायनामो, सेल्फ, एअर क्लीनरचे तोंड, डिझेल पंप यांच्यावर धार नको. रेडिएटरच्या पत्र्या नाजूक असतात. दाब कमी करून, धार सरळ ठेवून, पंख्याच्या अंगाने बाहेर धुवा, तिरपी धार मारली की पत्र्या मुडपतात. बेअरिंगच्या सीलवर जवळून मारू नये. धुऊन झाले की सगळ्या निपलांना ग्रीस भरायला मालकाला सांगा, नव्हे, पंप बरोबर ठेवून तुम्हीच भरून द्या. त्या एका कामाने गिऱ्हाईक पुन्हा बोलावते.

मळणीयंत्र आणि रोटाव्हेटर ज्या शेतात राबले तिथेच धुवावे. गाजरगवताचे बी असेच चाकाच्या चिखलातून या शिवारातून त्या शिवारात जाते. पुण्यात 1950 च्या दशकात दिसलेले हे गवत आज कुठे नाही ते सांगा!

ज्या टाकीतून आणि पाइपातून तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले, ती गोठ्याला वापरू नका, कितीही धुतली तरी. गव्हाण जनावर चाटते. धुलाईचा संच वेगळा, त्याला रंगाची खूण करा.

आणि ही धार म्हणजे खेळ नव्हे. पायावरचा चिखल काढायला, जनावर धुवायला ती मारू नये. जोराच्या बारीक धारेने कातडीला टाचणीएवढे भोक पडते, रक्तही फारसे येत नाही, आणि माणूस हळद लावून घरी बसतो. आत मात्र पाणी, तेल, घाण खोलवर गेलेली असते. असे झाले तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी, लगेच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि "प्रेशरची धार लागली" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गमबूट आणि चष्मा पहिल्या दिवसापासून घ्या, धंदा जमल्यावर घेऊ म्हणू नका.

दर किती घ्यावा ते गावावर आहे. पण एक वही ठेवा. दिवसाचे डिझेल, पेट्रोल, साबण, जोडीदाराची मजुरी, आणि पंपाची झीज म्हणून रोज काही रक्कम बाजूला. महिनाभर लिहा. कालवडींचे पैसे कधी फिटतील ते वहीच सांगेल. पहिल्या वर्षी दुसरा पंप, मोठी गाडी काही नको.

संध्याकाळी काम संपले की टाकीत स्वच्छ पाणी घालून पंप दोन मिनिटे चालवा, मग गन उघडून दाब सोडा, चाळणी धुवा. ग्रीसच्या टोप्या कामातही वरचेवर एकेक फेरा फिरवायच्या असतात. ऑइलच्या डोळ्यात बघा. ऑइल दुधासारखे पांढरे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, तसा पंप सकाळी चालू करू नका, आधी वायसर बघून घ्या आणि ऑइल बदला. टाक्या रिकाम्या करूनच गाडी घरी आणा.

राम राम.