मतदार यादीत धर्माचा रकाना का नाही?



निवडणुका जवळ आल्या की भायखळा, मुंबादेवी, माहीम येथे मुसलमान मतदार किती, मराठी किती, गुजराती किती, याचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. हे आकडे येतात कोठून? मतदार यादी हाती घेऊन पाहा. तीत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय, घर क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक असतो. धर्माचा वा जातीचा रकाना नसतो. अमेरिकेत जॉर्जिया, फ्लोरिडा यांसारख्या काही राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावर वंश विचारतात. आपल्याकडे कोणी नावांवरून अंदाज बांधतो, कोणी जनगणनेवरून. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात मुसलमान सुमारे पाव हिस्सा होते. पण त्या गणनेत पाळण्यातले मूलही धरलेले असते. आणि देशमुख, दळवी, पटेल एवढेच आडनाव वाचून माणसाचा धर्म सांगून दाखवावा कोणी!

पूर्वी मात्र तसे नव्हते. 1909 च्या कायद्याने मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, आणि 1910 साली बॅरिस्टर जीना मुंबईच्या मुसलमान मतदारसंघातूनच मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. 1916 च्या लखनौ कराराने मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांच्या एक तृतीयांश जागा मुसलमानांस देण्याचे ठरले. टिळकांचा त्यास पाठिंबा होता. 1935 च्या कायद्यात तर मराठ्यांसाठीही 7 जागा राखीव होत्या. 1937 मध्ये डॉ. आंबेडकर भायखळा-परळमधून निवडून आले ते याच व्यवस्थेत. कोण कोणाचा, हे तेव्हा सरकारदप्तरी लिहिलेले असे. पण त्या यादीत माणसे किती? साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 3 कोटी. मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटी असल्याने गोरगरीब आणि बहुतेक स्त्रिया बाहेरच होत्या. अशा राखीव जागांचे कौतुक मला तरी वाटत नाही.

घटनेच्या 325 व्या कलमाने सर्वांची एकच यादी केली आणि 326 व्याने प्रौढ मतदान दिले. 1951-52 मध्ये मतदार 17 कोटींवर गेले. तरीही सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गळली. का? त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते!

यादीत धर्म नाही, म्हणून आपल्यापैकी किती जण यादीबाहेर राहिले, हे कोणताही सरकारी आकडा सांगणार नाही. ते घरोघरीच पाहावे लागेल. लालबागची चाळ पडली, कुटुंब मुंब्र्याला गेले, नाव जुन्याच पत्त्यावर राहिले. मुलगी सासरी गेली, नाव माहेरीच. पत्ता बदलण्यास वा चूक दुरुस्त करण्यास नमुना 8 आहे, नव्या नावासाठी नमुना 6. मतदानाचे वय 1989 पासून 18 आहे. सतरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यासही आगाऊ अर्ज करता येतो. एकाच घरात 'शेख' तीन तऱ्हांनी लिहिलेले मी दाखल्यांवर पाहतो. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून अक्षरे तेवढी ताडून घ्या.