आखाजीला मागे उरणारी मुलं

मी चोपड्याहून बोलते आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. निंबाला झोके बांधले जातील, लेकी माहेरी येतील, घरोघरी मांडे आणि आमरस होईल. याच दिवसांत परीक्षा आटोपतात आणि बालगृहांतही घरी जायची गडबड उडते. तिथल्या बऱ्याच मुलांना आई, नाहीतर बाप, निदान मामा-मावशी असते. ते येतात, मुलांना घेऊन जातात. मागे उरतात ती ज्यांना कोणीच नाही. या सुट्टीत आपल्यालाही न्यायला कोणी येईल, असं त्यांना वाटत असतं.

आपण काय करतो? लाडू वाटतो, कपडे देतो, फोटो काढतो आणि परततो. देणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण आठ-नऊ वर्षांच्या लेकराला लाडू नको असतो, घर हवं असतं. मूल दत्तक घ्यायचंय म्हणणारे खूप भेटतात, पण प्रत्येकाला पाळण्यातलंच बाळ हवं. मोठं मूल आपलं होत नाही म्हणे! मला आज एवढंच सांगायचंय: मोठं मूलही दत्तक घेता येतं आणि तेही आपलं होतं.

आपल्याकडे केळीची कांदेबाग लावतात. कंद येतो दुसऱ्याच्या शेतातून, जुन्या मुळ्या छाटलेला. लावल्यावर काही दिवस वर काहीच दिसत नाही. म्हणून कोणी तो रोज उकरून बघतं का? पाणी देतो, तण काढतो, थांबतो. आत नवी मुळं धरत असतात, मग पहिलं पान वर येतं. मोठं मूलही तसंच. आधी गप्प राहील, रुसेल, ताटातली पोळी उशाखाली लपवून ठेवेल. महिनाभरात 'आई' म्हणत नाही म्हणून उकरू नका. कंदाला आपण वेळ देतो, मग लेकराला का नाही?

आता वयाचं नीट ऐका. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 पेक्षा जास्त चालत नाही. पण आठ वर्षांपुढच्या मुलासाठी ती 110 पर्यंत चालते. एकट्या व्यक्तीसाठी ही मर्यादा 55. म्हणजे नवरा 50 चा आणि बायको 46 ची असेल, तर तान्हं बाळ मिळणार नाही. नऊ वर्षांची मुलगी मात्र मिळू शकते. पुन्हा सांगते, मोठं मूल घेता येतं. पाच वर्षांवरच्या मुलाची संमतीही लागते. म्हणजे तेही तुम्हाला निवडतं!

रक्ताचं नातं म्हणाल, तर जोतीराव-सावित्रीबाईंचा यशवंत आठवा. दत्तक घेतलेला हा मुलगा डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात माय-लेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली.

आपल्याकडे आखाजीला, तशी चीनमध्येही वसंतोत्सवाला माणसं गावाकडे, आपल्या घरी धाव घेतात. तिथल्या सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केलं. ज्यांचे आई-बाप ठरले होते, अशी मुलंही अडकली. त्यांच्यासाठी आपण इथून काही करू शकत नाही. आपल्या जिल्ह्यातल्यांसाठी करू शकतो.

नोंदणी केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संकेतस्थळावर होते. अडलं तर जळगावला जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. दवाखान्यातून, ओळखीतून परस्पर मूल घेऊ नका, तो गुन्हा आहे.

जाता जाता तेवढंच परत. या आखाजीला लेकी-जावई जमले की घरात विषय काढा. दोघांच्या वयाची बेरीज करा. 110 च्या आत असाल, तर आठ-दहा वर्षांच्या लेकराचा विचार करा, आणि केलात तर कायमचा करा.