महाराणी चिमणाबाई आणि बाईची कमाई



सयाजीराव महाराजांविषयी मी आज बोलणार नाही. कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर कसा बसला, १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं कसं केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय त्यांच्या पत्नीविषयी. देवासच्या घाटग्यांची गजराबाई १८८५ साली लग्न होऊन बडोद्याला आली आणि महाराणी चिमणाबाई झाली. तिनं पडदा सोडला, शिकारी केल्या, युरोप पाहिला. ते सगळं चरित्रात सापडेल.

मी सांगायला आलोय ते एकच. सत्ताधाऱ्याच्या पत्नीनं किती वाटलं, हे मोजण्यात अर्थ नाही. तिच्यामुळे बायकांच्या हातात किती कमाई आली, ते मोजा.

चिमणाबाईंनी एस. एम. मित्र यांच्यासोबत १९११ साली ‘द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ’ हे पुस्तक लिहिलं. शीर्षकावरून वाटतं, उपदेश असेल. आत विचार आहे तो बायकांना कोणकोणते व्यवसाय करता येतील याचा, शेतीपासून घरगुती कलांपर्यंत. १९१४ साली बडोद्यात स्त्री उद्योगालय उभं राहिलं. गरजू बाईनं तिथं शिवण-भरतकाम शिकावं आणि चार पैसे मिळवावेत, ही त्यामागची दृष्टी. १९२७च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं.

(मागून आवाज : ‘राणीला काय कमी? पैसा रयतेचाच!’)

बरोबर आहे, पैसा रयतेचाच. म्हणूनच तो कशावर खर्च झाला, हे विचारायचं. हाच प्रश्न पश्चिम आफ्रिकेतही विचारला गेला. घानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेरी रॉलिंग्ज यांच्या पत्नी नाना कोनाडू यांनी ‘३१ डिसेंबर महिला चळवळ’ चालवली. ही सरकारचीच शाखा, अशी टीका झाली. ती मी उडवून लावत नाही. पण त्या चळवळीनं बालसंगोपन केंद्रं काढली, बायकांना मिळकतीची कामं दिली. मूल सांभाळायला कुणी असेल तरच आई कामावर जाणार, हे तिथं ओळखलं गेलं.

आता चिमणाबाईंच्या मुलीची, इंदिराराजेंची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय चिमणाबाई समजत नाहीत. मुलीचं लग्न ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलं होतं. १९११च्या दिल्ली दरबारात तिची कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी ओळख झाली, आणि या मुलीनं आईबापांना न विचारता थेट ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडलं! (हशा) हसा, पण राजवाड्यात तेव्हा कुणी हसलं नाही. अख्ख्या हिंदुस्थानातली संस्थानं हादरली. स्त्रियांच्या उन्नतीवर पुस्तक लिहिणारी आई या लग्नाला विरोध करत राहिली. १९१३ साली लंडनमध्ये लग्न लागलं, तिथं आईवडील नव्हते. पुढं जयपूरच्या गायत्रीदेवी याच जोडप्याच्या पोटी जन्मल्या. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. बाईनं मिळवतं व्हावं, हे चिमणाबाईंना मनापासून पटलं होतं. तिनं घराण्याचा शब्द मोडावा, हे पटलं नव्हतं. आणि हातात पैसा आलेली बाई पुढचं पाऊल स्वतः टाकते, आईची परवानगी असो वा नसो.

 आता भिवंडीकडे येतो.

आज कल्याण नाक्यावरून येताना एका दारात एक बाई कपड्याचे सुटे धागे कापत बसली होती. मांडीवर गठ्ठा, शेजारी दहा-बारा वर्षांची मुलगी, तिच्याही हातात कात्री. नगावर मजुरी. माल न्यायला आलेल्या मुलानं गठ्ठा मोजला आणि पैसे दिले ते बाहेर उभ्या नवऱ्याच्या हातात. बाईनं मानही वर केली नाही, पुढचा गठ्ठा ओढला.

इथं कारखानदार मंडळी बसली आहेत, संस्थांचे पदाधिकारी आहेत. संक्रांतीला हळदीकुंकू करा, वाण द्या, जरूर द्या. पण या गावात मागाची कांडी भरणाऱ्या, धागे कापणाऱ्या बाईचा दर ठरवताना तिला बैठकीत बसवा, आणि तिची मजुरी तिच्याच नावच्या खात्यात जमा करा. सुरुवात येत्या पगारापासून करा.