मुशीचा नकार

बंदरावर मोठी मादी मुशी, म्हणजे शार्क, उतरली, तर तिच्या छातीजवळचे पर जरूर पाहा. तिथे दातांचे व्रण दिसले, तर ते भक्ष्याशी झालेल्या झटापटीचेच असतील असं समजू नका. समागमाच्या वेळी नर मादीचा पर तोंडात पकडतो, कारण धरून ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. निळ्या शार्कमध्ये तर मादीची कातडी नराच्या दुपटीहून जाड असते. या चाव्यांचा इतिहास तिच्या कातडीतच उतरला आहे.

मग मादीला यात निवड आहे का? याचं उत्तर फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांवर मिळालं. तिथल्या उथळ पाण्यात नर्स शार्क दर उन्हाळ्यात जमतात. संशोधक वेस प्रॅट आणि जेफ्री कॅरियर यांनी 1990च्या दशकापासून वर्षानुवर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. नको असलेला नर मागे लागला की मादी अगदी उथळात शिरते, पोट वाळूला घट्ट टेकवते आणि छातीचे पर दाबून धरते. नराला ती उलटवता येत नाही. बहुतेक प्रयत्न असेच वाया जातात. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. आपण जिला निमूटपणे सोसणारी समजत होतो, ती ठामपणे नाकारत होती.

तरीही एकाच मादीच्या 32 पिल्लांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांचे किमान चार पिते निघाले. काही अभ्यासक म्हणतात, तिने अनेकांना निवडलं. दुसरे म्हणतात, दरवेळी झुंजून जखमी होण्यापेक्षा कधीकधी होकार देणं तिला कमी महागात पडतं. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं, निदान जिथे नर झुंडीने येतात तिथे.

वाळूवाघ शार्कची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तिला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात आधी वाढलेलं पिल्लू पोटातच धाकट्या भावंडांना खातं, आणि शेवटी दोनच जन्माला येतात, प्रत्येक जवळजवळ मीटरभर लांब. डेमियन चॅपमन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दक्षिण आफ्रिकेतल्या 15 गाभण माद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 9 माद्यांनी एकाहून अधिक नरांशी समागम केला होता. पण उरलेली दोन पिल्लं पुष्कळदा एकाच बापाची होती. म्हणजे समागम झाला तरी नराने बाजी मारलेली नसते.

याउलट, मुंबईच्या बाजारात नेहमी दिसणाऱ्या टोकदार नाकाच्या छोट्या मुशीचं अंडं मोहरीच्या दाण्याएवढं असतं. त्यात पिवळा बलक नावापुरताच. पुढचं सगळं पोषण आईच्या रक्तातून, नाळेवाटे होतं. बापाने कितीही झोंबाझोंबी केली असली, तरी कित्येक महिने ही पिल्लं वाढवते ती एकटी आईच. कोळणीने गाभण मुशीचं पोट चिरलं की ती नाळेला लटकलेली, पूर्ण घडलेली, बोटाएवढी पिल्लं दिसतात.