पांढुर्णा या शब्दात अक्षरं किती?

(गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात स्मरणिका समितीतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. या दोहोंच्या मध्ये बोलायला उभं राहणं म्हणजे धाडसच. पण अध्यक्षांनी सांगितलं की समितीने वर्षभर त्या खोलीत बसून काय केलं ते एकदा सगळ्यांना कळू द्या. म्हणून आलो.

आधी मुलांना एक प्रश्न. पांढुर्णा या शब्दात अक्षरं किती? तीन, बरोबर. पां, ढु, र्णा. आता हाच प्रश्न संगणकाला विचारला तर तो नऊ म्हणतो. प, काना, अनुस्वार, ढ, पहिला उकार, र, पाय मोडल्याची खूण, ण आणि पुन्हा काना. सौंसरकरांनी हसू नये, तिकडेही तीनाची पाच होतात. आमचं वर्ष या तीन आणि नऊच्या मधल्या फरकात गेलं.

गोष्ट अशी सुरू झाली. मागच्या वर्षी विसर्जनानंतर आपल्या मंडळातल्या एक ताई आल्या. त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी आपल्या एका जुन्या स्मरणिकेत आपल्या घराविषयी लेख लिहिला होता. घरातली प्रत वाळवीने खाल्ली. मंडळाच्या कपाटातही ती प्रत निघाली नाही. मात्र छपाईच्या वेळची सीडी होती. आम्ही मोठ्या उत्साहाने सीडी लावली, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस. ताई म्हणाल्या, "हे बाबांचं आहे?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्याचं कारण जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हा आपल्याकडे स्मरणिका जुळवायची ती हिंदीच्या डीटीपी दुकानात. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर आणि विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेले, आपण छिंदवाड्याबरोबर इकडे राहिलो. आता २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, तरी दुकानाची पाटी, शाळेचं पुस्तक आणि टायपिंगची परीक्षा हिंदीतच. ऑपरेटर हिंदी टायपिंग शिकलेला, आणि फॉन्ट कृतिदेव. या फॉन्टमध्ये अक्षर दिसतं देवनागरी, पण आत साठतं इंग्रजी. राम लिहायचं तर जे, के, ई ही तीन बटणं. फॉन्ट आहे तोवर राम दिसतो, फॉन्ट नसला की जेकेई. फाइल बिघडलेली नव्हती, फक्त चष्मा हरवला होता.

मग चष्मा परत लावावा, फॉन्ट टाकावा, छापून द्यावं, एवढ्यावर काम भागलं असतं. पण ताईंच्या भावाला तो लेख फोनवर हवा होता, बाहेरगावच्या नातवंडांना पाठवायला. आणि आम्हालाही वाटलं की सीडी किती दिवस टिकणार? मजकूर युनिकोडमध्ये आणला पाहिजे. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आपल्या इथल्याच १९८८ च्या इस्की या प्रमाणावरून घेतलेला आहे. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठतं. टंकयंत्राच्या वळणाच्या फॉन्टमध्ये ते दिसण्याच्या क्रमाने साठतं. म्हणजे 'कि' लिहिताना जुन्या फाइलमध्ये वेलांटी आधी आणि क नंतर. आणि रफार सगळ्यात शेवटी. पांढुर्णा या शब्दातला रफार जुन्या फाइलमध्ये शेवटच्या कान्याच्याही नंतर, कॅपिटल झेड होऊन बसलेला असतो. त्याला तिथून उचलून ण च्या आधी नेऊन बसवायचं. गावाचं नाव नीट यायला एवढी उठाठेव.

यासाठी तयार प्रोग्राम मिळतात. आम्ही वापरूनही पाहिले. पण ते हिंदीसाठी केलेले, आणि शंका आली तर ते थांबून विचारत नाहीत. आम्हाला डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, आणि शंकेचा शब्द पिवळा दिसेल असं काहीतरी हवं होतं. सौंसरहून येणारा कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "काका, आपणच बनवू. पायथनमध्ये लिहिण्याची खिडकी तयार मिळते."

खरोखरच मिळते. पायथन ही संगणकाची भाषा १९९१ सालची, फुकट मिळते. तिच्यासोबत टीकिंटर नावाची पेटी येते, आणि त्या पेटीत टेक्स्ट नावाचा एक तयार कागद असतो. त्यावर लिहिता येतं, पुसता येतं, रंग देता येतो. ही पेटी मुळात पायथनची नाही. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये टीसीएल नावाची वेगळीच भाषा केली, तिच्यासाठी पुढे टीके ही पेटी केली, आणि पायथनवाल्यांनी ती उसनी घेतली. त्यामुळे पायथनच्या माहितीपुस्तिकेत या कागदाबद्दल थोडंच लिहिलेलं आहे, पुढचं टीकेच्या मूळ पुस्तिकेत वाचा म्हणून ती सांगते. मूळ पुस्तिका टीसीएलच्या बोलीत. वाचायचं एका भाषेत आणि लिहायचं दुसऱ्या भाषेत. त्या मुलाला हे फार जड वाटलं. आम्हाला नाही. आपली हयात तेच करण्यात गेली.

मात्र एक कबुली द्यायची आहे. आम्ही ती पुस्तिका आधी वाचली नाही. खिडकी उघडली, अक्षरं दिसली, कामाला लागलो. त्याची किंमत एका काकूंनी मोजली. शुद्धलेखनात त्यांचा हात धरणारं आपल्यात कोणी नाही, म्हणून त्यांना बसवलं. दोन संध्याकाळी खपून त्यांनी अकरा पानं तपासली. मग चुकून सगळा मजकूर निवडला गेला आणि एका बटणाला बोट लागलं. अकरा पानांच्या जागी एक अक्षर. काकूंनी नातवाने शिकवल्याप्रमाणे मागे घेण्याची दोन बटणं दाबली. काही झालं नाही. आणि दर मिनिटाला आपोआप जतन करायची हुशारी आम्हीच करून ठेवली होती, तिने ते एक अक्षर जतन केलं.

त्या रात्री आम्ही पुस्तिका उघडली. त्यात साधं लिहिलेलं आहे की मागे घेण्याची सोय या कागदात असते, पण ती मुळात बंद असते. कागद तयार करताना 'अनडू' चालू असं लिहावं लागतं. एवढंच. आमच्या प्रोग्राममध्ये एक शब्द वाढवायचा होता. काकूंना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "लिहून ठेवलं होतं ना त्यांनी? मग?" त्या 'मग'चं उत्तर अजून द्यायचं आहे.

त्यानंतर रोज दोन पानं वाचायची असं ठरलं. न्यू मेक्सिकोच्या एका तंत्रसंस्थेतल्या जॉन शिपमन यांनी टीकिंटरवर खास पायथनवाल्यांसाठी संदर्भपुस्तिका लिहिली आहे, तिची फार मदत झाली. कोरडं लिहिलेलं आहे, पण नेमकं. आमच्या चुका त्यात एकेक करून सापडत गेल्या. उदाहरणार्थ, प्रत्येक वेळी फाइल उघडून जतन केली की शेवटी एक रिकामी ओळ वाढायची. महिन्याभरात एका लेखाखाली अर्धं पान कोरं जमलं, आम्ही उगाच त्या मुलाला बोललो. पुस्तिका सांगते की हा कागद मजकुराच्या शेवटी स्वतःची एक ओळ नेहमी धरून चालतो. मजकूर उचलताना 'शेवटपर्यंत' नाही, 'शेवटाच्या एक अक्षर अलीकडपर्यंत' असं म्हणायचं.

कागदावरचा पत्ता कसा सांगतात तेही गमतीचं आहे. ओळी एकपासून मोजायच्या आणि ओळीतली अक्षरं शून्यापासून. पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर म्हणजे एक टिंब शून्य. आम्ही पांढुर्णा शब्द पिवळा करायला गेलो, शून्यापासून तीन अक्षरं असं सांगितलं, तर फक्त 'पां' पिवळा झाला. तीन म्हणजे प, काना, अनुस्वार! पुस्तिकेत 'अक्षर' असा शब्द आला की तो त्यांचं अक्षर असतो, आपलं नाही.

याहून वाईट पुढे झालं. शंकेचे शब्द शोधायला आम्ही पायथनची शोधायची सोय वापरली, तिला 'एकेक शब्द दे' म्हटलं. तिने पांढुर्णाचे चार शब्द केले: प, ढ, र, ण. सौंसरचे दोन. काकू मागे उभ्या होत्या. "काऊन रे बाबू, गावाचे असे तुकडे काऊन केले?" पुन्हा पुस्तिका. तिथे लिहिलं होतं की शब्दात अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच धरलं जातं. काना, मात्रा, उकार, अनुस्वार यांना युनिकोडमध्ये अक्षर नव्हे, अक्षराला लागणारी खूण असा दर्जा आहे. म्हणून प्रत्येक कान्याशी शब्द तुटतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. मग आम्ही देवनागरीचा सगळा पट्टा शब्दातच धर असं वेगळं सांगितलं, तेव्हा गाव जुळलं.

आणि शेतकऱ्यांनी तर आठवडा खाल्ला. संत्र्यांच्या बागांवरचे लेख आपल्या स्मरणिकेत दर वर्षी असतात, 'शेतकऱ्यांनी' हा शब्द शोधला की निम्म्या ठिकाणी सापडे, निम्म्या ठिकाणी नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच. तो आडवा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, नुक्त्याच्या ऱ ला पाय मोडून. दुसरा, साध्या र ला पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. हिंदीत या र चं कामच पडत नाही, म्हणून हिंदीच्या प्रोग्रामांना त्याची फिकीर नाही. वकील मंडळींच्या जाहिरातींत 'ॲड.' मधला ॲ सुद्धा असाच दोन तऱ्हांचा निघाला. आता आमचा प्रोग्राम दोन्ही एकाच तऱ्हेला आणतो.

हे सगळं त्या मुलाच्या डोक्यात होतं. त्याला पुढच्या वर्षी नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे जावं लागेल हे त्यालाही माहीत आहे, आम्हालाही. म्हणून आम्ही मराठीत माहितीपुस्तिका लिहायला घेतली. हे काम प्रोग्रामपेक्षा अवघड निघालं. शब्दांवरून भांडणं झाली. कर्सरला कर्सरच ठेवलं. इंडेक्सला 'पत्ता', मार्कला 'खूण', टॅगला बराच वाद होऊन 'रंगपट्टी'. खुणेचा एक गुण असतो: तिच्या जागी नवीन मजकूर घातला तर ती डाव्या अक्षराला चिकटून राहते की उजव्या. मुळात ती उजव्याला चिकटते, म्हणून मजकूर वाढला की पुढे सरकते. हे कोणाला समजेना. शेवटी मुलाने लिहिलं: जाम नदीच्या मध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडा रोवतात, तो सावरगावकडचा धरायचा की पांढुर्ण्याकडचा, हे आधी सांगा, मग पूर येऊ द्या. हे वाक्य पुस्तिकेत ठेवावं की नाही यावर मतभेद आहेत. आमच्या मते ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे. आणि काकूंच्या आग्रहावरून पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, पहिली सूचना: मागे घेण्याची सोय चालू आहे का ते पाहा.

पुस्तिकेच्या दोन छापील प्रती स्मरणिकेच्या कपाटात आहेत. तिच्यावरून समितीबाहेरच्या एका वहिनींनी, मुलाला एकही फोन न करता, एक अख्खी जुनी स्मरणिका उतरवून काढली. शनिवारी संध्याकाळी खोली उघडी असते. ज्यांच्या घरी जुन्या फ्लॉपी, सीडी, पत्रिकांच्या, भाषणांच्या फाइली असतील त्यांनी घेऊन यावं. फ्लॉपीचं खात्रीने सांगत नाही.

आता ताईंच्या वडिलांचा लेख. तो पूर्ण निघाला आणि या स्मरणिकेत पुन्हा छापला आहे. एक शब्द सोडून. ऑपरेटरने त्या काळी बऱ्याच ठिकाणी ळ च्या जागी ल मारलेला आहे. काळी-माळी सहज दुरुस्त झाले, पण एक वाक्य असं आहे: 'आईची ती वेल अजून आठवते.' ताई म्हणतात, आजीच्या अंगणात जाईची वेल होती, तीच ही. त्यांचे भाऊ म्हणतात, नाही, बाबांनी वेळ लिहिलं असणार, दिवेलागणीला आजी ओट्यावर बसायची ती वेळ. प्रोग्रामने तो शब्द पिवळा करून ठेवला आहे आणि आम्हीही पिवळाच ठेवला. छापताना त्याखाली रेघ मारली आहे. ते घर आणि ते अंगण पाहिलेलं कोणी आज मांडवात असेल, तर प्रसाद घेऊन झाल्यावर आम्हाला भेटावं. आम्ही मागच्या दाराशी, पुस्तकांच्या टेबलाजवळ आहोत.