पेरू, चीज आणि ३१ डिसेंबरची कढई

रायपूरहून बोलतेय. डिसेंबर लागला की मला एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला जातो. वीस-पंचवीस माणसं घरी येणार आहेत, ओव्हन घेऊन ठेवलाय, पण त्यात केकशिवाय करायचं काय? आणि त्यामागे न विचारलेला दुसरा प्रश्न असतो. पाहुणे आले की मला बाहेर येऊन बसता येईल का?

हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या पार्टीचं गणित आठवून बघा. बाहेर गप्पा, गाणी, कुणीतरी पेटी काढलेली, आणि आत एक बाई कढईसमोर उभी. भजी, कचोरी, कटलेट, जे काही असेल ते गरमच हवं. पहिला घाणा बाहेर जातो आणि दुसरा तळून होईस्तोवर पहिला संपलेला असतो. आमच्या तात्यापाऱ्यातल्या एका काकूंनी मला एकदा सांगितलं, "अगं, मी आजवर एकाही ३१ डिसेंबरला बारा वाजलेले बाहेर पाहिले नाहीत." हसत सांगितलं त्यांनी, पण मला काही ते विनोदी वाटलं नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते चवीसाठी तर आहेच, पण त्याहून जास्त त्या काकूंसाठी आहे. आदल्या दिवशी करून ठेवायचं, पाहुण्यांनी चपला काढल्या की ओव्हनमध्ये सरकवायचं, आणि वीस मिनिटं आपणही बाहेर जाऊन बसायचं.

पदार्थ म्हणजे पफ पेस्ट्रीचे छोटे चौकोन, वर चीज आणि फळ. एका घासाचे किंवा फार तर दोन घासांचे. नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. बेकरीतलं पॅटिस आपण लहानपणापासून खातो, चहात खारी बुडवतो. दोन्हींचं पीठ तेच. आणि ज्यांच्या घरी दिवाळीत चिरोटे होतात त्यांना तर मी काय शिकवणार! पोळ्यांवर साटा लावायचा, एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, कापून पुन्हा हलक्या हाताने लाटायचं. पिठाचा थर, स्निग्धाचा थर, पुन्हा पिठाचा थर. सगळी युक्ती एवढीच आहे.

फरक एका ठिकाणी आहे, आणि तो नीट कळला की पुढचं सगळं सोपं जातं. साट्यात तूप असतं. तुपात पाणी नसतं. बटरमध्ये असतं, साधारण १६ टक्क्यांपर्यंत. ओव्हनच्या उष्णतेत त्या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ वरचा पदर उचलते, तेवढ्यात पदर भाजून कडक होतो आणि उचललेलाच राहतो. म्हणून तुपाचे चिरोटे खुसखुशीत होतात, पण बटरचं पफ फुगून तिप्पट होतं. अट एकच, बटर पदरांच्या मध्ये बटर म्हणूनच राहिलं पाहिजे. ते लाटताना वितळून पिठात मुरलं, तर तुमच्या हाती छान शंकरपाळी येईल, पफ येणार नाही.

इथे आमच्या रायपूरबद्दल बोलायला हवं. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. म्हणजे उन्हाळ्यात इथे पफ करायला बसणं म्हणजे स्वतःशीच भांडण. बेकरीवाले वनस्पती तूप किंवा मार्जरिन वापरतात त्याचं एक कारण स्वस्ताई, दुसरं हेच. ते उशिरा वितळतं, म्हणून हाताळायला सोपं. पण ते तोंडातही उशिरा वितळतं, टाळूला जो मेणासारखा थर बसतो तो त्याचाच. डिसेंबरात मात्र आमच्या रात्री १२-१३ अंशांवर उतरतात आणि सकाळी ओटा हाताला गार लागतो. नागपूर, इंदूर, भोपाळकडच्या मंडळींनाही हीच मुभा आहे. मुंबई-गोव्याकडच्यांनी मात्र फ्रिजची मदत जास्त घ्यायची.

आता कृती. मैदा २५० ग्रॅम, गार बटर २०० ग्रॅम, बर्फाचं पाणी १२० मिलिलिटरच्या आसपास, लिंबाचा रस एक चमचा. खारं पिवळं बटर असेल तर मीठ घालू नका, पांढरं लोणी किंवा बिनमिठाचं बटर असेल तर अर्धा चमचा घाला. फ्रेंच पद्धतीत बटरची अखंड वडी पिठात गुंडाळून लाटतात, सहा वेळा तिहेरी घडी घालतात. तीनाचा सहा वेळा गुणाकार करा, बटरचे ७२९ पदर होतात. आपल्याला घरच्या पार्टीसाठी एवढी गरज नाही. बटरचे बोराएवढे तुकडे करायचे, मैद्यात नुसते घोळवायचे, चुरायचे नाहीत. पाणी शिंपडत जेमतेम गोळा जमवायचा. तो ओबडधोबड दिसेल, मध्ये बटरचे पिवळे डाग दिसतील. तसंच हवंय. मळायचा मोह आवरा. पोळीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला हे सगळ्यात कठीण जातं.

हा गोळा लांबट लाटा, पत्र घडी करतो तशी तिहेरी घडी घाला, चौथाई फिरवा, पुन्हा लाटा, पुन्हा घडी. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. नंतर परत दोन वेळा. चार घड्यांत ८१ पदर झाले. पॅटिसच्या तोंडात मारेल असं फुगतं.

ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांनी तयार गोठवलेल्या शीट आणाव्यात, मी नाक मुरडणार नाही. फक्त पाकिटावर बटर आहे की वनस्पती ते वाचा. आणि ओळखीची बेकरी असेल तर विचारून बघा, कच्चं पफचं पीठ वजनावर देतातही. एके काळी आपल्या आया-आज्या मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जाऊन नानकटाई भाजून आणत होत्याच की. बेकरीशी आपलं नातं ओव्हन घरात येण्याच्या आधीपासूनचं आहे.

फळाचं म्हणाल तर माझा कौल पेरूला. छत्तीसगढीत त्याला बिही म्हणतात. थंडीत इथल्या बाजारात टोपल्या भरून येतो, स्वस्त असतो, आणि चीजबरोबर पेरू ही माझी कल्पना नाही. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि पांढरं चीज एकत्र खातात, त्या जोडीला तिथे चक्क रोमिओ आणि ज्युलिएट म्हणतात. क्यूबातले लोक हीच जोडी पफ पेस्ट्रीत भरतात आणि क्यूबातून गेलेल्यांनी ती अमेरिकेत मायामीला नेली. आणि आपल्या शेजारी गोव्यात तर नाताळच्या फराळात पेराड असतेच. पेरूचा गर आणि साखर कढईचा तळ सुटेपर्यंत आटवून थापलेली वडी. इंग्रजीत तिला पेरूचं चीज म्हणतात, गंमत म्हणजे त्यात चीज औषधालाही नसतं. पेरू मुळात अमेरिका खंडातला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आला. म्हणजे तो गोव्यात उतरला आणि ब्राझीलमधल्या भावंडांसारखाच साखरेत आटला.

आपण पेराडीच्या अलीकडे थांबायचं. अर्धा किलो पिकलेले पेरू उकडा, चाळणीतून गाळा. बिया एकही राहू देऊ नका, आजोबांच्या कवळीखाली गेली की पार्टी संपलीच. गराला २०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, आणि उलथन्याने ओढल्यावर कढईत वाट पडून क्षणभर तशीच राहील इतकं आटवा. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे गार झाल्यावर तो आपोआप घट्ट बसतो.

आटवण्यावर एवढा जोर का? कारण या पदार्थाचा खरा शत्रू पाणी आहे. ताजं फळ ठेवलं तर ते भाजताना पाणी सोडतं, खालचे पदर भिजतात, आणि वरून सोनेरी, खालून गिच्च असा प्रकार होतो. स्ट्रॉबेरी दिसायला देखणी, आता जशपूरकडेही पिकते, पण या कामाला ती वाईट. ताजी ठेवायचीच असेल तर भाजून झाल्यावर वर ठेवा. सफरचंदाच्या पातळ फोडी चालतात, खाली टोस्टचा चुरा पसरा म्हणजे रस त्यात मुरेल. खजूर आणि सुकं अंजीर उत्तम, त्यात पाण्याचा प्रश्नच नाही. सीताफळाचा मोह होईल, विशेषतः कांकेरचं सीताफळ खाल्लेल्यांना. नको. तापवलं की कडवट होतं.

अननसाचं वेगळंच. चीज, अननस आणि चेरी टूथपिकला टोचून भोपळ्यात किंवा कोबीच्या गड्ड्यात खोवलेली आठवते ना? एका पिढीचे सगळे वाढदिवस त्या गड्ड्याभोवती झाले. ती जोडी इथेही जमते, पण अननस आधी साखरेत शिजवून घ्या. कच्च्या अननसात प्रथिनं तोडणारं विकर असतं. चक्का किंवा पनीर त्याच्या संगतीत रात्रभर राहिलं तर सकाळी कडू लागतं. उष्णतेने ते विकर निष्क्रिय होतं, म्हणून शिजवलेला किंवा डब्यातला अननस बिनधास्त वापरा.

चीजबद्दल फार भारी काही आणू नका. साधं प्रोसेस्ड चीज इथे खरं तर फायद्याचं. त्यातल्या क्षारांमुळे ते तेल सोडत नाही, मऊ होतं पण ओघळून तव्याला लागत नाही. १५० ग्रॅम पुरतं. मला स्वतःला दुसरं सारण जास्त आवडतं, पनीर १५० ग्रॅम, श्रीखंडाचा चक्का ५० ग्रॅम, मीठ, भरड मिरी, एकत्र फेटून. पनीर आम्लाने फाडलेलं असल्याने वितळत नाही, चक्का त्याला मऊपणा आणि आंबटपणा देतो. पेरूच्या गोडाला हा आंबटपणा हवाच असतो. परदेशी चीज आणणार असाल तर हिरवा ठिपका बघा, काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने लावतात.

आणि अंडं. पेस्ट्रीला वरून अंडं फासायची पद्धत आहे, पण आपल्याकडे डिसेंबर म्हणजे बहुतेकदा मार्गशीर्ष. गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत अनेक घरांत असतं, महिनाभर न खाणारेही असतात. दुधात चिमूटभर साखर विरघळवून लावा, रंग चांगला येतो. कडांना मात्र लावू नका. ओघळलेलं दूध पदर एकमेकांना चिकटवतं आणि ती बाजू फुगत नाही. कापतानाही तेच. करंजीचं कातणं नको, धारदार सुरी सरळ खाली दाबायची. बोथट सुरी ओढत नेली की कडेचे पदर दाबून बंद होतात.

पिठाचे दोन भाग करा. एकेक भाग तीन मिलिमीटर जाडीचा लाटून सहा सेंटिमीटरचे चौकोन कापा, दोन्हींचे मिळून ३६ होतात. मध्ये काट्याने टोचा म्हणजे मधला भाग कमी फुगेल आणि सारण गडगडणार नाही. एक छोटा चमचा पेरू, त्यावर चीज, बस्स. जास्त भरलंत तर बाहेर येऊन जळेल. थोडी मिरपूड, आणि ज्यांना रायपूरचा तिखटपणा हवा त्यांच्यासाठी हिरव्या मिरचीचं एक चकतं.

हे चौकोन ताटात सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा, मग डब्यात भरा, मध्ये बटर पेपर. दोन-तीन आठवडे राहतात. सोडवायचे नाहीत, गोठलेलेच ओव्हनमध्ये. ओटीजी २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, वरखालच्या दोन्ही कांड्या चालू, ट्रे मधल्या खाचेत. ताजे असतील तर १८ ते २० मिनिटं, गोठलेले असतील तर चार-पाच मिनिटं जास्त. वरचा रंग बघून काढू नका, एक उचलून तळ बघा. तो बदामी हवा. छोट्या ओटीजीत एका वेळी बारा मावतात, म्हणजे तीन ट्रे. घंटी वाजली की ट्रे बदलणं एवढंच काम, ते कुणीही करू शकतं. घरातल्या पुरुषमंडळींनाही घंटी ऐकू येते.

भाजल्यावर पाच मिनिटं जाळीवर ठेवा, पेरूचा गर निखाऱ्यासारखा तापलेला असतो, लहान मुलांच्या हातात लगेच देऊ नका. स्टीलच्या डब्यात गरम असताना झाकण लावू नका, वाफेने मऊ पडतील. मंडळात किंवा कुणाकडे न्यायचे असतील तर परडीत कापड टाकून न्या. उरलेच, तर दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर पाच मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये घालाल तर पुरीसारखे लोळतील.